किरणं कुठवर आली ते सांग

कोल्हापूर

अनेक आशीर्वाद.

दोस्तांना सुचवायला केलेली तुझी यादी मिळाली. सतरा परदेशी सिनेमे आणि प्रत्येकापुढे 'व्हिज्युअल्स लय भारी'. आता वाचणाऱ्यानं यातला कुठला बघायचा?

किरणोत्सवाला, मावळतीची किरणं मूर्तीवर कुठवर चढतात ते बघायला, आपण अंबाबाईच्या देवळात उभे होतो, आठवतंय? 'काय सुंदर प्रकाश आहे' असं तिथं कुणीच म्हणत नव्हतं. 'आज कमरेपर्यंत आली', 'काल गुडघ्यापर्यंतच, मग ढग आला' असं जो तो सांगत होता. सिनेमाही तसाच सांगावा.

जपानी दिग्दर्शक कुरोसावाचा 'रान' (१९८५) घे. म्हातारा राजा तीन पोरांत राज्य वाटून देतो. थोरल्याचं सैन्य पिवळं, मधल्याचं तांबडं, धाकट्याचं निळं. त्यामुळं केवढ्याही गर्दीत कोण कुणावर चालून जातंय ते डोळ्यालाच कळतं. किल्ल्यावरच्या हल्ल्यात तर घोड्यांचा, बाणांचा, किंकाळ्यांचा आवाजच काढून टाकलाय. माणसं पडतायत आणि वर नुसतं संगीत. बराच वेळ. मग एक गोळी सुटते नि सगळा गलका एकदम कानावर येतो. मी एवढंच सांगतो आणि गप्प बसतो. पुढचं ऐकणारा सिनेमा बघून घेतो. (कुरोसावानं या सिनेमातली दृश्यं आधी कितीतरी वर्षं कागदावर रंगवून ठेवली होती. आपल्या गावाला याचं नवल वाटू नये. आपले कोल्हापूरचे दिग्दर्शक बाबूराव पेंटरही नाटकांचे पडदे रंगवता रंगवताच सिनेमात आले आणि चित्रीकरणाआधी प्रसंगांची स्केचेस काढायचे.)

आणि माणूस बघून सिनेमा दे. महाद्वार रोडला साडीच्या दुकानात बसणारा तुझा दोस्त आहे ना, त्याला हाँगकाँगच्या वोंग कार-वाईचा 'इन द मूड फॉर लव्ह' (२०००) दाखव. नायिका नूडल्स आणायला डबा घेऊन अरुंद जिना उतरते, पुन्हा उतरते. अंगावरचं कापड बदललं म्हणजे दिवस बदलला, हे आपण ओळखायचं. तुझ्या-माझ्याआधी ते त्याच्या लक्षात येईल.

तुझ्या वयात मी चार मित्रांना धरून रशियन दिग्दर्शक तारकोव्हस्कीचा 'मिरर' दाखवला होता, गोष्ट सरळ न सांगणारा. मला तो कळतो, एवढंच दाखवायचं होतं मला. दोघे झोपले, दोघे मिसळ खायला गेले. नंतर वर्षभर मी काहीही सुचवलं की पहिला प्रश्न, 'झोपायचाय का बघायचाय?'

सबटायटल्सचं एक. वाचण्याच्या नादात चित्र निसटतं. पहिली दहा मिनिटं ती बंद ठेवून बघायला सांग, मग मागं जाऊन नीट सुरुवात. आणि दुपारच्या उजेडात मोबाइलवर तर नकोच.

यादीतले सोळा खोड. उरेल त्यातली एकच चौकट (फ्रेम) रविवारी संध्याकाळी रंकाळ्यावर मला सांग. त्या साडीवाल्यालाही घेऊन ये.

तुझा,
काका