शिमग्यानंतरचा किनारा : तुमचे प्रश्न

शिमगा झाला की माझ्या फोनवर पक्ष्यांचे फोटो यायला लागतात, त्यातले अर्धे इतके हललेले की कावळा आहे की माडाची झावळी तेच कळत नाही. तरी पाठवत राहा. यावेळी चार प्रश्न घेतलेत.

ताई, आंजर्ल्याच्या बीचवर थंडीभर पांढऱ्या डोक्याचे सीगल होते. आठ दिवसांपासून त्यांच्यात काळपट डोक्याचेही दिसतायत. ही वेगळी जात आली का?

नाही हो, तेच आहेत सगळे! थंडीत त्यांच्या कानामागे फक्त एक काळसर ठिपका असतो, आणि आता घरी जायची वेळ जवळ आली की जुनी पिसं झडून डोक्यावर नवी गडद टोपी येते, ती विणीच्या हंगामासाठी. तुमच्या फोटोतला बहुतेक तपकिरी डोक्याचा कुरव (सीगलला मराठीत कुरव म्हणतात) आहे, कारण त्याचा डोळा फिकट दिसतोय आणि पंखाच्या काळ्या टोकात पांढरे ठिपके आहेत. काळ्या डोक्याच्या कुरवाचा डोळा गडद असतो. गंमत म्हणजे त्या काळ्या डोक्याच्या कुरवाचं डोकंसुद्धा खरं तर चॉकलेटीच असतं, नाव कुणी ठेवलं देव जाणे. हे तपकिरी डोक्याचे इथून लडाख-तिबेटकडच्या तलावांवर जाऊन अंडी घालतात, म्हणजे हर्णेची मासळी खाऊन पार हिमालय ओलांडायचा. थव्यात काही पांढरीच डोकी राहिलेली दिसतील, ती गेल्या वर्षीची पोरं, त्यांना अजून पूर्ण टोपी येत नाही. आणि सगळ्यात मोठा, पिवळ्या चोचीच्या टोकाशी काळा-लाल पट्टा असलेला दिसला तर तो पल्लासचा कुरव, त्याची टोपी मात्र खरोखरची काळीकुळकुळीत आणि इतरांच्या आधीच येते.

आणि एक, तुमच्या दुसऱ्या फोटोत कोणीतरी त्यांना गाठ्या घालतंय. नका घालू. एवढा लांबचा प्रवास करायचा तर अंगावर चरबी हवी, ती मासळी-खेकड्यांनी येते, बेसन-तेलाने नाही.

वेळासला दोन वर्षं कासवाची पिल्लं बघायला जातोय, दोन्ही वेळा पिल्लू नाही. नक्की दिसतील अशी तारीख सांगा ना. (पुण्याचा वाचक)

दादा, तारीख सांगता आली असती तर मी स्वतः चार वेळा रिकाम्या हाताने परत आले नसते :) पण अंदाज बांधता येतो. मादी रात्री येऊन शंभराच्या वर अंडी घालते, मग गावातले कासवमित्र ती उचलून हॅचरीत, म्हणजे अंडी जपायला केलेल्या जागेत, तसाच खड्डा करून ठेवतात आणि घातल्याची तारीख लिहितात. तिथून साधारण ४५ ते ६० दिवस. वाळू थंड असेल तर जास्त लागतात, मार्चनंतर तापली की पटापट. त्यामुळे जायच्या आधी गावात फोन करून विचारायचं की कुठल्या तारखेची घरटी आहेत आणि हिशोब करायचा, लॉंग वीकेंड बघून बुकिंग करण्यापेक्षा हे बरं. सकाळी आणि संध्याकाळी घरट्यावर झाकलेली टोपली उचलून बघतात, दोन्ही वेळा हजर राहा. वाळूच्या उष्णतेवरच पिल्लू नर की मादी ते ठरतं, जास्त गरम तर माद्या जास्त.

वेळासला हे काम चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ साली सुरू केलं, त्याआधी अंडी सरळ खाल्ली-विकली जायची. आणि ही कासवं फक्त आपलीच असतात असंही नाही बरं का, ओडिशात २०२१ मध्ये टॅग लावलेली एक मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालताना सापडली! अख्ख्या दक्षिण भारताला वळसा घालून आली असणार बाई. पिल्लं दिसलीच तर फ्लॅश बंद, हातात घेऊन सेल्फी नको, आणि पाण्यापर्यंत त्यांचं त्यांना चालू द्या.

आमच्या बागेत गरुडाची जोडी होती. पंधरा दिवस एकटा नरच येतोय, आंब्याच्या ढोलीपाशी घुटमळतो. मादी मेली का? (गुहागर तालुका)

अहो मेली नाही, बाळंतपणाला बसलीय. तुम्ही म्हणताय तो धनेश, म्हणजे कवड्या धनेश, आपल्याकडे त्याला गरुडच म्हणतात. मादी ढोलीत शिरते आणि आतून विष्ठा वगैरे थापून तोंड बंद करते, चोच जाईल एवढी फट ठेवते फक्त. आत तिची उडायची पिसं झडतात, त्यामुळे दोन-तीन महिने सगळं त्या नरावर. तो वड-उंबराची फळं गळ्यात भरून आणतो आणि एकेक वर काढून फटीतून देतो, काजऱ्याची सुद्धा, जी आपण खाल्ली तर डायरेक्ट वरती. म्हणून नराला काही झालं तर आतली सगळीच गेली. ढोलीच्या खाली जाऊन उभं राहू नका, तुम्ही दिसलात की तो घास न देताच परत फिरतो. पडवीतून दुर्बिणीने बघा. आणि आंबा म्हातारा झालाय, फळत नाही म्हणून यंदा तोडायचा विचार असेल तर कृपा करून पावसाळा संपेपर्यंत थांबा.

आमच्या सुरूवरचा काकण समुद्रसाप आणून खातो. त्याला विष कसं बाधत नाही?

काकण म्हणजे समुद्र गरुड, हा खराखुरा गरुड. विष रक्तात गेलं तर घात, पोटात गेलं तर ते प्रोटीनच, पचून जातं. तो सापाला पकडतोही असा की चावायची संधी मिळू नये. त्याचं सोडा, तुम्ही मात्र जपा. रापणीच्या जाळ्यातून वाळूवर टाकलेला, वल्ह्यासारख्या चपट्या शेपटीचा साप मेलेला वाटला तरी पायाने उलटवायला जाऊ नका, बऱ्याचदा तो जिवंत असतो.