टीडीएस मीटरला शिसं दिसत नाही

प्रश्न: शिरोळ तालुक्यात पंचगंगेकाठी शेत आहे. विहिरीच्या पाण्यावर ऊस आणि भाजीपाला करतो, जनावरंही तेच पितात. टीडीएस मीटर ४०० दाखवतो. शिसं, कॅडमियमची भीती नाही असं समजावं का?

उत्तर: नाही, तसं समजू नका. हा मीटर पाण्यातून वीज किती वाहते त्यावरून एकूण क्षारांचा अंदाज देतो. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात शिसं लिटरला ०.०१ मिलिग्रॅमच्या आत हवं, कॅडमियम ०.००३ च्या. मीटरचा आकडा एकाने हलायलाच लिटरला साधारण १ मिलिग्रॅम क्षार लागतात, म्हणजे शिशाच्या मर्यादेच्या शंभरपट! चव-वासावरूनही काही कळत नाही. आर्सेनिकसाठी शेतावर वापरायचा किट मिळतो, पण त्यातून निघणारा वायू विषारी असतो, म्हणून उघड्यावरच वापरा. तोही फक्त अंदाज देतो. शिसं-कॅडमियमसाठी प्रयोगशाळाच गाठा.

आणि सगळं अवलंबून असतं ते नमुना कसा घेतला यावर. औषधाचा किंवा खताचा कॅन कितीही धुतला तरी चालणार नाही. प्रयोगशाळेकडूनच आम्लाने धुतलेली प्लॅस्टिकची बाटली मागून घ्या. मोटर दहा-पंधरा मिनिटं चालू द्या आणि टाकीत जाण्याआधीचं पाणी भरा. पितळी तोटीखाली भरू नका, पितळेतलं शिसं पाण्यात उतरतं. धातू बाटलीच्या आतल्या बाजूला चिकटू नयेत म्हणून नमुन्यात नायट्रिक आम्ल घालावं लागतं. ते काम प्रयोगशाळेवर सोडा, घरी आम्ल हाताळू नका. बाटलीवर गट नंबर, तारीख, वेळ लिहा.

सिंचनाच्या पाण्याच्या नेहमीच्या तपासणीत सामू (पीएच), क्षारता, सोडियम अशा गोष्टी पाहतात, हे धातू सहसा नाहीत. म्हणून अर्जात 'शिसं, कॅडमियम, क्रोमियम, आर्सेनिक' असं स्पष्ट लिहा आणि प्रयोगशाळेला या धातूंसाठी एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता आहे का, ते आधी विचारा. एक नमुना मे महिन्यात नदी आटल्यावर, दुसरा पावसाळ्यानंतर द्या.

अहवाल येईपर्यंत हे पाणी घरात पिऊ नका. उकळून धातू जात नाहीत, उलट पाणी आटलं की प्रमाण वाढतं. दुभत्या जनावरांना शक्यतो नळाचं पाणी द्या. पालक, मेथी यांसारख्या पालेभाज्या कॅडमियम जास्त ओढतात, तेव्हा तोवर नवा वाफा टाकू नका. उसाचं पाणी मात्र तोडू नका.