वाचकांचे प्रश्न : गळ्याकडे नको, गिटारकडे कान द्या

प्रश्न (फोंडा) : नमस्कार दादा, माझा मुलगा कॉलेजला आहे. पॅराडाइज लॉस्ट म्हणून मेटलचा, म्हणजे जड रॉकचा बँड आहे, त्यांचा 'असेन्शन' हा नवा अल्बम घरात दिवसभर चालू असतो. मी नाट्यसंगीतात वाढलेली, मला तो गायक गुरगुरतो तेवढंच ऐकू येतं. मुलगा म्हणतो आई जरा नीट ऐक. काय ऐकू नेमकं? आणि कव्हरवर ते मृत्यूचं चित्र, त्याची काळजी करायची का?

उत्तर : ताई, पहिल्या खेपेला गायकाकडे लक्षच देऊ नका, लीड गिटारच्या मागे जा. ग्रेग मॅकिंटॉश ती वाजवतो, बँडचं बहुतेक संगीत त्याचंच, या अल्बमची निर्मितीही त्याचीच, आणि या बँडमध्ये रडायचं काम गळ्याकडे नाहीच, ते गिटारकडे आहे. खाली जड संथ रिफ, म्हणजे गिटारचा तोच तोच फिरणारा तुकडा, चालू असतो आणि त्याच्यावर ती एकेक सूर लांबवत, जरासा वाकवत वर चढते. तुमच्या नाट्यसंगीतात ऑर्गन गायकाच्या मागून जातो ना, इथे बरोबर उलटं, चाल वाद्याने धरलेली आणि गळा तिच्याखाली. हे कानाला एकदा कळलं की गायक निक होम्सचं गुरगुरणं खुपत नाही, उलट ते नसेल तर गिटार एवढी एकटी वाटणारच नाही असं माझं ठाम मत आहे. शिवाय तो स्वच्छ आवाजातही गातो, या अल्बममध्ये दोन्ही आहे. सुरुवात 'ले अ रीथ अपॉन द वर्ल्ड'पासून करा, ते बरंच शांत सुरू होतं.

चित्राचं म्हणाल तर ते जॉर्ज फ्रेडरिक वॉट्स या १९व्या शतकातल्या इंग्रज चित्रकाराचं आहे. मृत्यू सिंहासनावर बसलाय, त्याच्या मांडीत तान्हं मूल, समोर सैनिक तलवार ठेवतोय, उमराव मुकुट ठेवतोय. मृत्यूपुढे राव-रंक सारखे हे आपण कीर्तनात लहानपणापासून ऐकलंय की. मुलाचं जेवण, झोप, मित्र सुटले असते तर मी वेगळं बोललो असतो, पण तो तुम्हाला नीट ऐक म्हणतोय म्हणजे त्याला जे आवडलंय ते आईलाही आवडावं असं वाटतंय. त्याच्या शेजारी बसून ऐका ताई, एकट्याने नको.

प्रश्न (मडगाव) : असेन्शन भारी वाटला. मागचं काय काय ऐकू?

उत्तर : हा त्यांचा १७वा स्टुडिओ अल्बम, सप्टेंबर २०२५चा, त्यामुळे मागे भरपूर आहे. बँड इंग्लंडमधल्या हॅलिफॅक्सचा, १९८८पासूनचा. १९९१चा 'गॉथिक' आधी ऐक, डेथ मेटलमध्ये (मेटलचा गुरगुरत्या गायकीचा जहाल प्रकार) बाईचा आवाज आणि ऑर्केस्ट्रा त्यांनी तिथे आणला आणि पुढच्या कितीतरी बँडना त्यातून वाट मिळाली. मग 'आयकॉन' आणि १९९५चा 'ड्रॅकोनियन टाइम्स'. १९९९च्या 'होस्ट'मध्ये सगळा सिंथ, म्हणजे इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड, तेव्हा जुने फॅन जाम चिडले होते, मला मात्र तो मनापासून आवडतो, उदासी तीच आहे फक्त वाद्यं बदललीत. २०१५च्या 'द प्लेग विदिन'मध्ये गुरगुरणं परत आलं, तिथून सरळ असेन्शनपर्यंत ये.

प्रश्न (पणजी) : आजोबा पोर्तुगीज शाळेत शिकलेत. त्यांच्यासोबत ऐकता येईल असं काही आहे का या मेटल प्रकारात?

उत्तर : आहे ना! पोर्तुगालच्या मूनस्पेल या बँडचा '१७५५' हा अल्बम, २०१७ साली आला, अख्खा पोर्तुगीजमध्ये. १ नोव्हेंबर १७५५ला लिस्बनमध्ये भूकंप झाला, ऑल सेंट्सचा दिवस, लोक चर्चमध्ये प्रार्थनेला, आधी जमीन हलली मग समुद्र आत आला आणि आग तर कित्येक दिवस जळत राहिली, तीच सगळी गोष्ट या अल्बममध्ये आहे. एका गाण्यात पाउलो ब्रागांसा हा फादो (पोर्तुगालचं उदास पारंपरिक गाणं) गायक येतो, तेच आधी लाव, फादो आजोबांच्या कानावरून गेलेला असणार. बाकी ठिकाणी बँडचा गायक फर्नांदो रिबेरो बराच गुरगुरतो, तेव्हा गाण्यांचे शब्द मोठ्या अक्षरात छापून त्यांच्या हातात दे, आणि एखादी ओळ तुला कळली नाही तर थांबवून त्यांनाच विचार.