सामान सोडा, म्हणाला यिर्मया

प्रिय,

प्रभूमध्ये सलाम.

तुझं पत्र दोनदा वाचलं. नोकरीचं काही खरं नाही, चर्चच्या मंडळीत दोन तट पडलेत, त्यामुळे 'सगळं जरा निवळू दे, मग सेवेचं बघेन' असं लिहिलंयस. त्या निवळण्याबद्दलच आधी बोलू.

बायबलमधला यिर्मया संदेष्ट्याचा 29वा अध्याय काढ. तेही पत्रच आहे, यरुशलेमेहून बाबेलला धाडलेलं. इ.स.पू. 597 मध्ये बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने यहूदाच्या राजाला, सरदारांना, कारागिरांना, लोहारांना धरून नेलं होतं. ती माणसं तिकडे सामान बांधूनच बसली असणार, कारण इकडे हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात छातीठोकपणे सांगत होता, 2 वर्षांत सगळं पूर्ववत होईल. यिर्मया लिहितो, 70 वर्षं. घरं बांधा, बागा लावा, मुलांची लग्नं करा, आणि जिथे नेलंय त्या नगराच्या भल्यासाठी प्रार्थना करा. ज्यांनी आपलं घर मोडलं त्यांच्याच नगरासाठी! लोक चिडले. याला खोड्यात का घालत नाही, असं एकाने तिकडून याजकाला लिहून विचारलंसुद्धा.

आपण त्या अध्यायातलं अकरावं वचन भिंतीवर टांगतो, देवाचे 'हिताचे संकल्प' असलेलं. त्याच्या आधीचं, 70 वर्षांचं, मी अजून कुणाच्या घरी टांगलेलं पाहिलं नाही. 2 वर्षं सांगणारे तुला पुष्कळ भेटतील. व्यासपीठावर जरा जास्तच.

आता सेवा. विशीत मी एका आजारी आजींकडे जायचे. माझी प्रार्थना लांबलचक, वचनांनी भरलेली. एकदा 'आमेन' झाल्यावर त्यांनी मूठ उघडली. आत घामाने मऊ पडलेली औषधाची चिठ्ठी होती, चार दिवसांपूर्वीची. "हे कुणी आणून देईल का गं?" त्या आठवड्यात मी दुसऱ्यांदा आले होते. उघड्या-उपाशी भावाला नुसतं 'सुखाने जा' म्हणून काय उपयोग, हे याकोबाच्या पत्रातलं वचन मला तोंडपाठ होतं. पाठांतराचं बक्षीसही मिळालं होतं.

तेव्हापासून मी आधी विचारते, काय आणू? प्रार्थना त्यानंतर.

आणि हे फक्त आपल्या मंडळीपुरतं नाही. यिर्मयाने 'नगर' म्हटलंय. मात्र औषधाच्या पिशवीत धर्मप्रचाराचं पत्रक सरकवू नकोस. कुणी विचारलं तर मोकळेपणाने सांग. प्रेषित पेत्रही 'विचारणाऱ्याला' सौम्यतेने उत्तर द्या म्हणतो.

उगाच धाडसही नको. 1527 मध्ये जर्मनीतल्या विटेनबर्गला प्लेग आला तेव्हा धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर गाव सोडून गेला नाही, आजाऱ्यांना त्याने घरात घेतलं. पण त्याच सुमारास त्याने लिहिलं ते असं: मी धुरी देईन, औषध घेईन, जिथे माझी गरज नाही तिथे जाणार नाही, शेजाऱ्याला गरज पडली तर मात्र मागे हटणार नाही. मला हा हिशोब पटतो. तुझी झोप आणि नोकरीचे अर्ज यांनाही त्यात जागा आहे.

मंडळीतल्या तटांवर माझ्याकडे तोडगा नाही. प्रेषित पौल 'तुमच्याकडून होईल तितकं' शांतीने राहा म्हणतो. ती सवलत त्याने अनुभवातून दिली असावी.

तुमच्या जिन्यावरच्या खोलीत एक आजोबा एकटे राहतात, असं तू मागे लिहिलं होतंस. त्यांचं औषध कोण आणतं? पुढच्या पत्रात कळव.

तुझी,
मावशी