उंची जास्त असली की बॉडी उशिरा बनते का? बुटक्या मुलांना जिममध्ये सगळं सोपं जातं हे खरं आहे का?

प्रश्नाखाली तू लिहिलंयस की उंची ६ फूट २, वजन ७४, कोथरूडला दीड वर्ष जिम चालू आहे आणि तुझ्याच बॅचचा ५ फूट ३ वाला मुलगा बघता बघता भरला, कारण "त्याला रॉड लांब न्यावाच लागत नाही". वयाने लहान दिसतोस म्हणून अरेतुरे करतोय, राग मानू नकोस. पण ते शेवटचं वाक्य मी आजवर इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय की उत्तर लिहिल्याशिवाय राहवेना. माझी उंची ५ फूट ३ आहे.

आधी तुझा हिशोब करू. १८८ सेंटीमीटरला ७४ किलो म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २१ च्या जवळपास. तेवढाच बीएमआय माझ्या उंचीच्या माणसाचा यायचा तर तो ५४ किलोचा पाहिजे. ५४ किलोच्या मुलाने टी-शर्ट काढला तर कोण बघणार आहे? तुझ्या बॅचचा तो मुलगा ६२-६३ चा असणार, आणि त्याच्यासारखं भरलेलं दिसायला तुला ८५ च्या पुढे जायला लागेल. म्हणजे तू त्याच्यापेक्षा ११-१२ किलो मागे आहेस आणि दोष देतोयस उंचीला. हां, एवढं खरं की लांब हाडावर तेवढाच मसल पसरला की कमी दिसतो, त्याने ५ किलो चढवले तर दंड लगेच दिसतात, तुला तसं दिसायला ७-८ लागतात. त्यामुळे उशिरा दिसते हे बरोबर. उशिरा बनते हे चूक, आणि एकूण किलोत मोजलं तर उंच माणसाच्या अंगावर शेवटी जास्तच मसल मावतो. अर्नोल्ड श्वार्झनेगर तुझ्याच उंचीचा, सात वेळा मिस्टर ऑलिंपिया, म्हणजे बॉडीबिल्डिंगची सगळ्यात मोठी स्पर्धा जिंकलेला. त्याच्याबरोबर व्यायाम करणारा फ्रँको कोलंबू ५ फूट ५ चा, तोही १९७६ आणि १९८१ ला मिस्टर ऑलिंपिया झाला. दोघांनी एकाच जिममध्ये घाम गाळला, आणि दोघांना बघून कोणाचं सोपं होतं असा प्रश्न कुणाला पडू नये.

आता त्या रॉडबद्दल.

मी बरीच वर्षं पेठेतल्या एका जिममध्ये जायचो, तळघरातली जागा, दोन बेंच, एक रॅक, प्लेटा गंजलेल्या पण वजनाला खऱ्या. तिथे आमच्यात एक जण होता ६ फूट १, वजन ९२, ताकदवान माणूस, त्याबद्दल वाद नाही. नाव लिहीत नाही. तर एका वर्षी गणपतीत जवळच्या मंडळाने मांडवाशेजारी बेंच प्रेस (बेंचवर झोपून रॉड छातीवरून वर ढकलायचा) आणि डेडलिफ्टची (रॉड जमिनीवरून उचलून सरळ उभं राहायचं) स्पर्धा ठेवली. वजनी गट नाहीत, जो जास्त उचलेल तो पहिला. माझं वजन तेव्हा ६३. मी बेंचला ११५ मारले, छातीवर पूर्ण टेकवून, वर लॉक करून, म्हणजे कोपर सरळ करून. त्याने १२० मारले. तो पहिला आला, ढाल त्याला मिळाली, नियम आधीच सांगितलेला होता त्यामुळे तक्रार नव्हती. पण माझी लिफ्ट झाल्यावर माईकवरचा माणूस म्हणाला की यांना काय, रॉड वीतभर खाली आणायचा आणि वर ढकलायचा, आणि मांडवातले सगळे हसले. माझे वडील बघायला आले होते, ते पुढच्याच खुर्चीत होते. मला त्या ११५ साठी किती वर्षं लागली हे त्यांना माहीत होतं, पहाटे उठून कोण अंडी उकडत होतं हेही त्यांना माहीत होतं, आणि ते ऐकून ते खाली बघत बसले, ते मी आजही विसरलेलो नाही.

नंतर अमृततुल्यमध्ये चहा पिताना त्या उंच गड्याने तेच परत काढलं. म्हणाला, फिजिक्स आहे रे, काम म्हणजे बल गुणिले अंतर, तुझे ११५ म्हणजे माझे ८०-८५. इंजिनीअर आहे तो, बोलतो असं की समोरच्याला वाटतं विषय संपला. मी दुसऱ्या दिवशी शिवणाचा टेप घेऊन जिममध्ये गेलो. रिकामा रॉड घेऊन बेंचवर झोपायचं, रॉड छातीवर असताना जमिनीपासून किती आणि लॉक केल्यावर किती. तिसऱ्याने मोजलं, म्हणजे वाद नको. माझं अंतर ३३ सेंटीमीटर, त्याचं ४३. मग फोनवरच गुणाकार केला. माझं ११५ गुणिले ३३ म्हणजे ३७९५, त्याचं १२० गुणिले ४३ म्हणजे ५१६०. तो म्हणाला, बघ. मी म्हटलं थांब, आता ज्याने त्याने आपल्या अंगाच्या वजनाने भागा. माझं ६३ ने भागून ६० येतं. त्याचं ९२ ने भागून ५६. म्हणजे त्याच्याच फिजिक्सने, त्याच्याच अंतराने, किलोमागे माझं काम जास्त होतं. यावर त्याचं उत्तर काय, तर "असं भागायचं नसतं". का नसतं? मोठं इंजिन लावायचं आणि मग इंजिनाचा आकार मोजायचा नाही म्हणायचं, हे कुठलं फिजिक्स?

डेडलिफ्ट मोजायला तो तयारच झाला नाही, आणि त्याचं कारण मला माहीत आहे. लांब हातांचा बेंचला तोटा होतो तसा डेडलिफ्टला फायदा होतो, हात गुडघ्याजवळ पोचत असतील तर रॉड फार वर न्यावाच लागत नाही. तो फायदा मात्र कुणी माईकवर सांगत नाही. उंच माणूस डेडलिफ्ट करतो तेव्हा ती ताकद असते आणि बुटका माणूस बेंच करतो तेव्हा ती सवलत असते, हा जो दुटप्पीपणा आहे ना जिममधला, त्याचा मला मनापासून राग आहे. आणि "पॉकेट साईज", "छोटा पॅक" वगैरे म्हणणारे म्हणतात की आम्ही कौतुकाने म्हणतो. कौतुक करायचंय तर आकडा सांगा ना, किती किलो आणि किती वजनाच्या माणसाने.

बुटक्याला फायदा असतो का? असतो, मी नाकारत नाही. ताकद स्नायूच्या जाडीवर म्हणजे क्षेत्रफळावर अवलंबून आणि वजन घनफळावर, त्यामुळे माणूस मोठा होत जातो तसं अंगाच्या वजनाच्या पटीत उचलणं अवघड होत जातं. तुर्कस्तानचा नईम सुलेमानोग्लू, उंची ५ फुटांच्याही आत, १९८८ च्या सोल ऑलिंपिकला ६० किलो गटात त्याने क्लीन अँड जर्कला (रॉड आधी खांद्यावर, मग डोक्यावर) १९० किलो उचलले, अंगाच्या तिपटीहून जास्त, स्नॅच (एका दमात थेट डोक्यावर) धरून दोन्ही मिळून ३४२.५. जॉर्जियाचा लाशा तालाखाद्झे साधारण साडेसहा फुटांचा, वजन नईमच्या जवळपास तिप्पट, त्याचा २०२१ चा विश्वविक्रम तसाच दोन्ही मिळून ४९२. म्हणजे वजन तिप्पट आणि उचललेलं दीडपटही नाही. पण ४९२ उचलायला तालाखाद्झेच लागतो, हेही तितकंच खरं. आपली मीराबाई चानू ४ फूट ११, टोकियोला ४९ किलो गटात २०२ किलो उचलून रौप्य. सांगलीचा संकेत सरगर, २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुलमध्ये ५५ किलो गटात २४८, कोपर दुखावलं आणि सुवर्ण एका किलोने गेलं. यांना जाऊन सांगा की तुम्हाला रॉड लांब न्यावा लागत नाही.

तुझ्यासाठी काय करायचं ते सांगतो, फार नाही. सगळ्यात आधी खा. १.६ ग्रॅम प्रोटीन दर किलोला म्हटलं तरी तुला रोज १२० ग्रॅम लागतं आणि मेसच्या दोन वाट्या आमटीत ते येत नाही. अंडी, दूध, पनीर, सोयाबीनच्या वड्या (कोरड्या १०० ग्रॅमला ५० च्या वर प्रोटीन, आणि स्वस्त), आणि पोळ्या-भात कमी करू नकोस, तुला वजन वाढवायचंय. स्क्वॉटला मांडीचं हाड लांब असल्यामुळे तू पुढे झुकत असणार, तर टाचेखाली छोट्या प्लेटा किंवा फळी घे, किंवा टाच उंच असलेले बूट घे, खूप फरक पडतो. डेडलिफ्टला बघ, मोठ्या प्लेटेचा व्यास ४५ सेंटीमीटर, म्हणजे रॉड जमिनीपासून २२.५ वर असतो, तो तुला आणि मला सारखाच, त्यामुळे तुला जास्त वाकायला लागतं. त्यात आपल्याकडच्या जिममध्ये १०-१० च्या लहान प्लेटा लावतात, रॉड अजून खाली जातो आणि उंच मुलं पाठ गोल करून उचलतात. दोन्ही बाजूंना खाली लाकडी ठोकळे ठेव, ट्रेनर कुरकुर करेल, करू दे. बेंचला रॉडने तुझी छाती भरत नसेल तर डंबेल मार. पोटरी आणि फोरआर्मला वेळ लागेल, लांब हातापायांवर ते शेवटी भरतात. आणि आरशात रोज बघू नकोस, महिन्यातून एकदा दंड आणि मांडी टेपने मोज.

दोन-तीन गोष्टी राहिल्या. उंची हा एकच मुद्दा नाही, हातापायांची लांबी, स्नायू हाडाला कुठे जुळतो, घराण्याची ठेवण, सगळं असतं, ५ फूट ३ ची सगळीच मुलं भरत नाहीत. आणि मी जे अंगाच्या वजनाने भागलं ते भागणं थोडं हलक्या माणसाच्या बाजूला झुकतं, ते वर सांगितलेल्या क्षेत्रफळ-घनफळामुळेच, म्हणून तर पॉवरलिफ्टिंगवाले वेगवेगळ्या वजनाच्या माणसांची तुलना करायला विल्क्ससारखी सूत्रं वापरतात. त्या सूत्राने आमचे दोघांचे बेंच काढलेस तरी माझंच पुढे येतं, मी काढून ठेवलंय. जिम केल्याने उंची खुंटते असं घरचे म्हणत असतील तर तेही खरं नाही, माझी मावशी आजही म्हणते की वजनं उचलून बुटका राहिलास, मी वजनं उचलायला लागलो तेव्हा वाढ थांबून काही वर्षं झाली होती. लहान मुलांनी मात्र फॉर्म (उचलायची बरोबर पद्धत) शिकवणारा माणूस समोर असल्याशिवाय जड वजनाच्या नादी लागू नये, हाडांच्या टोकांना वाढीच्या जागा असतात, तिथे दुखापत झाली तर त्रास होतो. आणि तुझी पाठ किंवा गुडघा आधीच दुखत असेल तर वरचं सगळं बाजूला ठेवून आधी डॉक्टरकडे जा.

मंडळांचे कार्यकर्ते कोणी वाचत असतील तर त्यांनाही सांगतो. स्पर्धा ठेवता ते चांगलंच आहे, पोरं त्या निमित्ताने सहा महिने व्यसनापासून लांब राहतात. पण निदान ६६ च्या आतले, ८३ च्या आतले आणि त्यावरचे असे तीन गट तरी करा, साधा वजनकाटा हजार-दीड हजारात येतो. आणि माईक कोणाच्या हातात देताय ते बघा.