पट्टीबाहेर लावली म्हणजे झालं?

भाऊ, लायसन्स झालं, आता हिंगणघाट-पांढरकवडा पट्ट्यात कापसाच्या गाड्या चालवशील. झोप आली, चहाची तल्लफ आली, काहीही होवो, गाडी हायवेच्या कडेला लावू नको. पांढऱ्या पट्टीबाहेर आहो म्हणजे झालं, असं सगळेच समजतात. रात्री मागच्याला तुझे लाल दिवे दिसतात, पण गाडी चालती की उभी हे कळत नाही. ताशी ८० ने येणारी कार सेकंदाला २२ मीटर धावते. कळेस्तोवर ती तुझ्या फाळक्याखाली! त्यात आपल्या गाडीचा कापूस बाहेर फुगलेला, ताडपत्रीचं टोक नेमकं रिफ्लेक्टरवर लोंबतं. निघायच्या आधी मागं जाऊन ते खोसून घेत जा.

थांबायचं तर पंप किंवा ढाबा, तेही पूर्ण आत. शेपूट रस्त्यावर नको. जागा नसली तर पुढचा ढाबा पाहा.

टायर फुटलाच तर इंडिकेटर चारही चालू, गाडी जमेल तेवढी डावीकडे, अन् त्रिकोण मागं चांगला पन्नास पावलांवर. फाळक्याला टेकवलेला त्रिकोण शोभेचा. बाभळीच्या फांद्या, दगड मांडशील तर जाताना उचल. आपले लोक तसेच टाकून जातात अन् मोटरसायकलवाला मरतो. फुटलेलं चाक रस्त्याच्या अंगाला असेल तर जॅक काढूच नको, राष्ट्रीय महामार्गाचा मदतीचा नंबर १०३३ लाव. क्लीनरला गाडीत झोपू देऊ नको, बांधाकडे बसव. समृद्धी राज्याचा रस्ता, तिथला मदतीचा नंबर वेगळा. चढताना नाक्यावर विचारून घे.