बोटांचे ठसे ओळखायला शिकताय? आधी डेल्टा शोधा

एकदम उपप्रकारांच्या मागे लागू नका. सुरुवातीला तीनच प्रकार पक्के करा: कमान (रेषा एका बाजूने येतात, मध्ये उंचावतात आणि दुसऱ्या बाजूने जातात), फास (रेषा वळून आल्या बाजूलाच परततात) आणि चक्र (रेषा गोल फिरतात). ठशाच्या मध्यावर नजर खिळवण्याआधी डेल्टा मोजा. रेषा तीन दिशांनी येऊन जिथे छोटा त्रिकोण तयार होतो, तो डेल्टा. साध्या कमानीत तो नसतो, फासात एक असतो, चक्रात सहसा दोन. साधारण ६० ते ६५ टक्के ठसे फासाचे असतात, कमानी जेमतेम ५ टक्के. म्हणून कमान वाटली की पुन्हा तपासाच.

नवशिक्यांच्या नेहमीच्या चुका:

- बोट नुसतं दाबणं. ही सगळ्यांत महागात पडते. नखाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत बोट फिरवलं नाही, तर एक डेल्टा कागदावर उमटतच नाही आणि चक्र फासासारखं दिसतं.
- कोणता हात ते न लिहिणं. फास करंगळीकडे उघडतो की अंगठ्याकडे, हे हात कळल्याशिवाय ठरत नाही. शिवाय कागदावरचा ठसा उलटा असतो, आरशातल्यासारखा.
- शाई जास्त लावणं.

रेषा मोजणं आणि हेन्री पद्धतीची (ठशांचं वर्गीकरण करण्याची पद्धत) सूत्रं नंतर. (ती पद्धत कोलकात्यात घडली, अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांचं काम त्यात मोलाचं आहे, ही नावं लक्षात ठेवा.)

आज घरातल्या सगळ्यांचे ठसे घ्या. तर्जनी निरखून बघा. अंगठ्याकडे उघडणारे फास बहुतेक तिथेच सापडतात.